ताई, नांगरटीत जुनी खापरं निघाली, आता काय करू?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, यंदा आप्पांनी खालच्या तुकड्यात पलटी नांगर घालून खोल नांगरट केली आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात एवढी खापरं वर आली की विचारू नका. तिथली माती आधीपासूनच राखेसारखी भुरकट आहे आणि पीकही तिथे बाकीच्या रानापेक्षा जोरात येतं. खापरांतल्या काहींवर काळ्या रेघा आहेत, दुधी दगडाच्या पातळ कपच्या आहेत, आणि एक भोक पाडलेला लाल मणी निघाला, तो माझ्या भाचीने दोऱ्यात ओवून गळ्यात घातलाय. आप्पा म्हणतात वेचून बांधावर टाका. काका म्हणतात खाली धन असणार, रात्री माणसं आणून खणू. चुलत भावाला व्हिडिओ टाकायचाय. आई घाबरलीय, सरकारला कळलं तर जमीन जाईल म्हणते. आणि पुढच्या महिन्यात तिथेच जेसीबी लावून सपाटीकरण करायचं ठरलंय. मी कॉलेजात शिकते, घरात माझं कोण ऐकणार? पण मला ते फेकवत नाहीये. गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुमची, बांधावरची वाचक."

अगं, सगळ्यात आधी हे सांगते की गावाचं नाव लिहिलं नाहीस ते फार बरं केलंस. मला ते नकोच आहे, इथे तर अजिबात नको, आणि यापुढेही कुणाला असंच उघड्यावर सांगू नकोस, का ते खाली येईलच. दुसरं म्हणजे तुला ते "फेकवत नाहीये" असं तू लिहिलंस ना, त्या एका शब्दासाठी मी आठवड्याची बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुझं घेतलं, कारण जेसीबीची तारीख जवळ आलीय आणि एकदा का त्या कोपऱ्यातली माती खरवडून दुसरीकडे पसरली की मग कुणी कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी त्याला काहीही सांगता येणार नाही.

आता ते काय असू शकतं ते बघू. मी फोटो बघितलेले नाहीत आणि फोटोवरून पक्कं सांगणाऱ्यांवर तूही विश्वास ठेवू नकोस, पण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला खापरं वाटली नाही, माती वाटली. भुरकट राखाडी माती, ओढ्याजवळ, आणि तिथे पीक जोमात. आपल्या भाषेत गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी, ते उगाच नाही पडलेलं. माणसं एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की चुलीची राख, शेण, मूत, हाडं, पडलेल्या मातीच्या भिंती, सगळं तिथेच मुरतं आणि माती पांढुरकी होते. त्यातला फॉस्फरस तर मातीला असा धरून बसतो की हजारो वर्षं हलत नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये बीटच्या शेतीसाठी माती तपासत होते तेव्हा काही तुकड्यांत फॉस्फेट भलतंच जास्त लागायला लागलं, आणि लक्षात आलं की या तर जुन्या वस्त्यांच्या जागा आहेत! तेव्हापासून पुरातत्त्ववाले माती तपासून वस्ती शोधतात. म्हणजे तुझ्या आप्पांना जे पीक बघून माहीत होतं तेच हे लोक प्रयोगशाळेत बघतात.

आणि हीच चांगली माती अशा जागांच्या मुळावर पण येते. इजिप्तमध्ये अमार्ना म्हणून जागा आहे, तिथले गावकरी जुन्या पडक्या विटांची माती खत म्हणून शेतात न्यायला खणायचे. १८८७ मध्ये असंच खणताना मातीच्या लहान लहान पाट्या निघाल्या, त्यांवर बारीक खुणा कोरलेल्या. तो निघाला इजिप्तच्या राजांचा बाबिलोन आणि आजूबाजूच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार, सव्वातीन हजार वर्षांहून जुना. पण कळेपर्यंत किती पाट्या फुटल्या, किती हातोहात विकल्या गेल्या, साधारण ३८० तेवढ्या उरल्यात. खत नेणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुला कळलंय म्हणून एवढं लिहितेय.

दुधी दगडाच्या कपच्यांबद्दल. यातली एक हातात घे, उन्हात धर, आणि काचेचा जाड तुकडा फुटल्यावर त्याची कड कशी दिसते ते आठव. माणसाने नेमका ठोका मारून काढलेल्या कपचीला एका टोकाला, जिथे ठोका बसला तिथे, खालच्या बाजूला छोटा फुगवटा असतो, त्याच्यापासून पाण्यात खडा टाकल्यासारख्या बारीक लाटा पसरलेल्या दिसतात, आणि वरच्या बाजूला आधी काढलेल्या कपच्यांच्या सरळ लांब खुणा असतात, एकीला एक समांतर. नुसता उन्हापावसाने तडकलेला दगड असा नेमका फुटत नाही, नांगराच्या फाळाने फुटलेला पण नाही, त्याची कड ताजी आणि वेडीवाकडी दिसते. कपच्यांबरोबर एखादा बोटाएवढा दगड मिळाला ज्याच्या अंगावर चहूबाजूंनी अशा उभ्या पन्हाळी आहेत तर तो गाभा, म्हणजे ज्याच्यापासून पाती काढली तो मूळ दगड, आणि तो तिथे असला म्हणजे माणसं तिथे बसून पाती काढत होती, नुसती वापरत नव्हती. अशी पाती लाकडाच्या खाचेत ओळीने बसवून विळा करायचे. कापणी करून करून धारेवर एक चकाकी येते, कारण गवताच्या आणि धान्याच्या ताटात वाळूसारखी सिलिका असते आणि ती दगडाला पॉलिश करते. धार तिरपी धरून बघ, कडेला एक-दोन मिलिमीटरची तेलकट चमक दिसतेय का. दिसली ना, तर तुझ्या हातात हजारो वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचा विळा आहे आणि तो ज्या पिकासाठी वापरला तेही तुझ्याच रानात उगवलेलं असेल कदाचित. मला हे लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो.

खापरांच्या बाबतीत जरा सावध राहा. लाल किंवा नारिंगी अंगावर काळ्या रेघा, चांगलं भाजलेलं, वाजवलं तर टणटण आवाज करणारं खापर म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला जोर्वे आठवतं, म्हणजे जोर्वे गावावरून ओळखली जाणारी, साधारण इसवीसन पूर्व १४०० ते ७०० या काळातली भांडी, तोटीवाली. पण काळ्या रेघा म्हणजे जोर्वेच असं नाही, काळ्या रेघांची भांडी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या ठिकाणी होत आली आहेत. त्यातच काचेच्या बांगड्यांचे तुकडे, चिनीमातीच्या कपबशीचे तुकडे, लोखंडी खिळे निघत असतील तर वस्ती बरीच अलीकडची असेल किंवा जुनीवर नवी अशी थरावर थर असेल. तेही लिहून ठेव. दोन-तीनशे वर्षांपूर्वी उठलेलं गाव असलं तरी त्यात माणसंच राहत होती, ते काही कमी नाही. आणि एक खापर आतल्या बाजूने बघ, अंगठा फिरवून. हाताने घडवलेलं असेल तर खळगे लागतील बोटांचे, चाकावरचं असेल तर गोल गोल रेषा. मला एकदा एका तुकड्याच्या आत अख्ख्या अंगठ्याचा ठसा दिसला होता, रेघान्‌रेघ, माझ्या अंगठ्यापेक्षा लहान. त्या दिवसापासून खापर म्हटलं की मला तो अंगठाच आठवतो.

आता मुद्द्याचं. वस्तूपेक्षा ती जिथे होती ती जागा मोठी आहे. हे एकदा घरात सगळ्यांना पटलं की बाकीचं सोपं होतं, म्हणून एक उदाहरण देते, ते आप्पांना सांग. प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना चार मोठ्या धातूच्या मूर्ती मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, शिवाय हत्ती, गेंडा, रेडा, सगळं मिळून साठ किलोंहून जास्त वजन. रथ साधारण ४५ सेंटिमीटर लांब, आणि त्या बैलांची शिंगं, तो हाकणारा माणूस, बघत राहावं असं काम. भारतभरच्या अभ्यासकांनी त्यांच्यावर लिहिलंय, तरी त्या नक्की कधीच्या यावर आजही एकमत नाही. कुणी म्हणतं सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या, कुणी म्हणतं बऱ्याच नंतरच्या. का? कारण त्या कुठल्या थरात होत्या, त्यांच्या आजूबाजूला कुठली खापरं होती, हे शास्त्रशुद्ध उत्खननात बघायला मिळालं नाही, वस्तू आधी बाहेर आल्या. एवढ्या मोठ्या मूर्तींचं हे होतं, मग तुझ्या मण्याचं काय घेऊन बसलीस!

उलट तुझा कोपरा अजून बराचसा शिल्लक असू शकतो. पलटी नांगर फूटभर खाली जातो, त्यामुळे तेवढा थर कालवला गेला, पण त्याच्या खाली घराची जमीन, चुली, कचऱ्याचे खड्डे जसेच्या तसे असण्याची चांगली शक्यता असते. वर आलेली खापरं म्हणजे खालच्या गोष्टीची नुसती चाहूल. खालच्या न हललेल्या थरात जळालेलं धान्य किंवा कोळसा मिळाला तर त्यावरून कार्बन-१४ ने काळ काढता येतो, नांगरलेल्या मातीतल्या कोळशाचा तसा उपयोग नाही कारण तो कुठून आला ते कळत नाही. म्हणून खाली हात घालायचा नाही, कुदळ नाही, खुरपं नाही, "थोडंसंच बघू" तर नाहीच नाही. आणि हो, भारतात लायसन्सशिवाय असं उत्खनन करता येत नाही, स्वतःची जमीन असली तरी.

तुझं काम काय ते सांगते. एक वही कर. पहिल्या पानावर रानाचा हाताने नकाशा काढ, ओढा कुठे, विहीर कुठे, बांध कुठे, मोठी झाडं कुठली, उत्तर कुठे. मग दहा-दहा पावलांचे चौकोन पाडून घे, दोरी आणि काड्या पुरतात, आणि एकेका चौकोनात सावकाश चालत जाऊन किती खापरं, किती कपच्या दिसतात ते मोजून नुसतं लिही. उचलू नकोस. सकाळी किंवा संध्याकाळी चाल, ऊन तिरपं असलं की बारीक तुकडेही सावलीमुळे उठून दिसतात, आणि पाऊस पडून गेल्यावर परत एकदा चाल कारण पावसाने माती धुतली जाते आणि आधी न दिसलेलं कितीतरी दिसायला लागतं. सगळे चौकोन झाले की आकडे नकाशावर टाक, दाटी कुठे आहे ते आपोआप दिसेल, आणि वस्तीचा मध्य बहुतेक तिथेच असेल. मोबाईलवर लोकेशनचा पिन टाकून ते आकडे वहीत लिहून घे, चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं पण चालतं. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेव, पट्टी नसेल तर पेन, म्हणजे आकार कळतो. ज्या वस्तू तिथे राहिल्या तर नक्की हरवतील तेवढ्याच उचल, रेघांची मोठी खापरं किंवा एखादा मणी, आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात, त्यावर पेन्सिलने चौकोनाचा नंबर आणि तारीख. पेनाची शाई ओल लागली की पसरते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नकोस, आत दमट होतं.

धुवू नकोस गं काही. हे मी हात जोडून सांगतेय. खापर घासलं तर रंग जातो, आणि मडक्याच्या आत जे काही शिजलं होतं त्याची चरबी मातीत मुरलेली असते, ती आता तपासून सांगता येते की दूध होतं का मांस. नाणं निघालं तर लिंबू-मीठ लावून चकाचक करायचा मोह होतो, आणि त्यात वरचा हिरवा थर जातो त्याच्याबरोबर अक्षरंही जातात.

भाचीचा मणी. तिच्याकडून हिसकावून घेऊ नकोस, तिला शेजारी बसवून मोठं भिंग दे आणि मण्याच्या भोकात बघायला सांग. जुन्या दगडी मण्यांना पुष्कळदा दोन्ही बाजूंनी छिद्र पाडत आणत, त्यामुळे ते कडेला रुंद आणि मधे अरुंद असतं, कधी कधी दोन्ही छिद्रं मधे जरा चुकलेली पण दिसतात. तिला सांग, कुणीतरी कितीतरी तास बसून हे भोक पाडलंय, आणि तुला हा मणी सापडला म्हणून वहीत तुझं नाव लिहायचंय. मुलं अशा गोष्टीला लगेच तयार होतात. पाकिटावर तिच्याच हाताने नंबर टाकून घे, आणि तो कुठल्या सरीत सापडला ते तिला नेऊन दाखवायला सांग, मुलांना ते आपल्यापेक्षा चांगलं आठवतं.

काकांशी बोलताना वाद घालू नकोस, त्यांना प्रश्न विचार. घर सोडून जाताना माणूस सोनं घेऊन जातो की खापरं? वस्तीच्या जागी मागे उरतो तो उकिरडा, फुटकं मडकं, खाऊन टाकलेली हाडं, तुटलेलं हत्यार. अभ्यासाच्या दृष्टीने तेच लाखमोलाचं आहे पण विकून कुणाला दहा रुपये मिळणार नाहीत. रात्रीचं खणणं म्हणजे पाच-सहा फुटांचा खड्डा, त्यात सगळे थर एकमेकांत कालवलेले, आणि सकाळी हातात काहीच नाही. मी असा एक खणलेला टेकाड बघितलाय, खड्ड्याच्या कडेला घराची सारवलेली जमीन सुरीने कापल्यासारखी दिसत होती आणि पुढचा सगळा भाग नुसता ढिगारा. तिथे उभं राहून रडू आलं होतं मला. कायद्याचं पण सांग त्यांना. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, आणि लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं तर मात्र कायदा सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क मानतो. ते धन शंभर वर्षांहून जुनं असेल आणि त्याचा दुसरा मालक पुढे आला नाही, आणि दोघांत काही वेगळं ठरलेलं नसेल, तर तीन भाग सापडणाऱ्याचे आणि एक भाग जमीनमालकाचा, आणि सरकारला ते हवं असेल तर त्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेतं. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, त्या विकण्याचा धंदा करायला लायसन्स लागतं. म्हणजे काकांनी गुपचूप विकायचं म्हटलं तरी तो रस्ता सरळ नाही.

आईची भीती खरी आहे, तिला उडवून लावू नकोस. जमीन हा विषय शेतकऱ्याच्या घरात असा सहज बोलायचा नसतो. पण शेतात खापरं निघाली म्हणून जमीन जात नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करायची असेल तर १९५८ च्या कायद्याप्रमाणे आधी सरकारला जाहीर नोटीस काढावी लागते आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना हरकत घ्यायला दोन महिने मिळतात, तेही खूप मोठ्या, वेगळ्या जागांसाठी. संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी असते आणि पुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागते हे खरं, बहुतेक लोकांनी तेच ऐकलेलं असतं आणि ते सगळ्याच जुन्या जागांना लागू होतं असं वाटतं. साध्या वस्तीच्या जागेत उत्खनन झालंच तर काही खड्डे घेतात, काम झालं की बुजवतात, आणि या कामात शेताचं, पिकाचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद त्याच कायद्यात आहे. तमिळनाडूत कीळडीला नारळाच्या बागांमधे २०१५ पासून खणायला लागले आणि खाली अख्खी वस्ती निघाली, विटांची बांधकामं, विहिरी, खापरांवर कोरलेली अक्षरं. जे काही ठरेल ते लेखी घ्या, पिकाच्या भरपाईचं आधी बोला, आणि आईला त्या बोलण्यात बसवा, बाहेर ठेवू नका.

चुलत भावाला सांग व्हिडिओ कर, भरपूर कर, पण टाकू नको. रानाची ओळख पटेल असं काहीही, मागचा डोंगर, विजेचा खांब, गावाची पाटी, एकदा बाहेर गेलं की आठवड्याभरात मेटल डिटेक्टर घेऊन लोक येतात आणि तू कॉलेजात असताना, आप्पा बाजारात गेलेले असताना खणून जातात. जागेची नोंद झाली, तज्ज्ञ येऊन गेले, त्यांनी हो म्हटलं, की मग त्याचाच व्हिडिओ सगळ्यात चांगला होईल कारण त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचं शूटिंग असेल. ड्रोन असेल कुणा मित्राकडे, आणि तिथे उडवायला परवानगी असेल, तर पीक उभं असताना वरून फोटो काढून ठेवा म्हणावं. जमिनीखाली जुना चर असला की तिथे ओल टिकते आणि वरचं पीक उंच, हिरवं राहतं, दगडी पाया असला की तिथलं पीक लवकर पिवळं पडतं, आणि कोरडं वर्ष असेल तर हे असं छान उमटतं की काय सांगू. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज या प्राचीन दगडी थडग्याजवळ २०१८ च्या जुलैत, मोठ्या दुष्काळात, एका शेतात ड्रोनवरून जमिनीखालच्या जुन्या वास्तूचं प्रचंड मोठं गोल रिंगण पिकात उमटलेलं दिसलं, त्याच्याआधी कुणालाच माहीत नव्हतं.

आता आप्पा आणि जेसीबी. तू म्हणतेस माझं कोण ऐकणार. तू त्यांना शिकवायला जाऊ नकोस, त्यांच्याकडे शिकायला जा. त्या रानात तीस-चाळीस वर्षं राबलेल्या माणसाला जे माहीत आहे ते कुठल्याच प्रोफेसरला माहीत नसतं. माती कुठून कुठपर्यंत भुरकट आहे, कुठे औत अडकतं, आजोबांच्या वेळेला तिथे उंचवटा होता का, त्या तुकड्याला जुनं नाव काय होतं, सगळं विचार आणि त्यांच्यासमोर वहीत लिही. मग त्यांना इनामगावबद्दल सांग. पुण्याजवळ घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ अशी कितीतरी वर्षं तिथे खणत होते, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं, जव पिकवणारं, आणि त्या लोकांनी बांध घालून पाट काढला होता पाणी वळवायला. बांध आणि पाट! पुढे पाऊस कमी होत गेला तसं त्या गावातली मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, असं तिथल्या थरांवरून वाचता आलं. पावसाने दगा दिल्यावर गावाचं काय होतं हे आप्पांना तुला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मागणी छोटी ठेव. सपाटीकरण रद्द करा असं म्हणू नकोस, डिझेलचे, मशीनचे पैसे ठरलेत, त्यांचं गणित आहे. फक्त म्हण की बाकीच्या रानात लावा, तो कोपरा या हंगामापुरता सोडा. तेवढंही जमत नसेल तर निदान तिथली माती कापू नका, उलट दुसरीकडची आणून तिथे भर टाका. वर माती चढली तर खालचं झाकलं जातं आणि टिकतं, कापली तर गेलंच. पेरणीला काही हरकत नाही, फक्त तिथे नांगर आधीपेक्षा खोल जायला नको आणि खोल मुळांची झाडं नकोत.

कळवायचं कुणाला? जवळच्या विद्यापीठात पुरातत्त्व विभाग असेल तर तिथे आधी मेल कर, फोटो आणि नकाशा लावून, लोकेशन फक्त त्यांनाच. तिथली मुलं-शिक्षक अशा जागा बघायला उत्सुक असतात. राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या विभागीय ऑफिसला लेखी अर्ज, त्याची प्रत कलेक्टर ऑफिसला, आणि दोन्हीकडून पोच घ्यायची, तारखेचा शिक्का मारून. वस्तू ताब्यात दिल्या तर यादी करून सही घ्यायची. उत्तर यायला वेळ लागू शकतो, कंटाळू नकोस, महिन्याने परत पाठव. ते येईपर्यंत तुझी वही हाच त्या जागेचा कागद आहे.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र त्याच क्षणी थांबायचं. एक म्हणजे माणसाची हाडं. जुनी का नवी हे आपल्याला डोळ्यांनी कळत नाही, म्हणून हात न लावता माती लोटून झाकायची आणि पोलिसांना कळवायचं. दुसरी म्हणजे दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. इनामगावला अशी पुष्कळ मिळाली, घराच्या जमिनीखाली, आणि त्यांच्यात लहान लेकरं होती. आईबापांनी मेलेलं मूल घरापासून लांब नेलं नाही, आपण झोपतो त्याच जमिनीखाली ठेवलं. असं काही दिसलं तर हळूच माती लोट परत, खूण म्हणून थोडं लांब एक काठी रोव, आणि घरी ये.

अजून एक राहिलं, विहीर. तुमच्या विहिरीचा कठडा बांधलेला आहे का खालची माती दिसते, ते लिहिलं नाहीस. कच्ची असेल तर तिची कड म्हणजे फुकटात मिळालेला कापलेला थर आहे. चीनमधली मातीच्या सैनिकांची फौज १९७४ मध्ये विहीर खणतानाच हाती लागली होती. आप्पांना विचार, खणताना किती हातांवर काय लागलं होतं, राख, खापरं, वाळू, काहीही. मग दुपारी ऊन आत पडतं तेव्हा काठावरून मोजायची टेप खाली सोडून फोटो काढ, टेपचे आकडे वाचता येतील असे. विहिरीत उतरू नकोस, कच्च्या विहिरीची कड ढासळते, आणि काठावर वाकशील तेव्हा आप्पांना शेजारी उभं कर. त्या फोटोत वरून तीन-चार फुटांवर काळपट राखेची आडवी रेघ आणि त्यात खापरांची टोकं दिसली तर मेलमध्ये तोच फोटो सगळ्यात वर लाव.